नऊ नंबरची पिन

बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला मी एक प्रॅक्टिकल खोटं लिहिलं होतं. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ८०८५ ची बारा किट्स होती, त्यातली पाच चालायची. आमच्या ग्रुपच्या वाट्याला आलेलं किट बटण दाबलं तरी गप्प. मग सिनिअरच्या फाइलमधून 'दोन आकड्यांची बेरीज' उतरवली, आउटपुट म्हणून त्याचंच उत्तर लिहिलं, सही घेतली. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले. पुढे कॅम्पसमधून नोकरी लागली आणि मी पुण्याला जाऊन कोड लिहायला लागलो. ज्या चिपवर तो कोड चालतो ती कधी हातात घ्यावी लागली नाही.

गेल्या दिवाळीत मुदखेडला मामांकडे गेलो होतो. मामांचं स्टेशनकडच्या रस्त्याला दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता बहुतेक फुलवाल्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आणि पंपाचे स्टार्टर. मुदखेडच्या शिवारात काकडा आणि मोगरा भरपूर, त्यामुळे पहाटे काटा बंद पडला की आठ वाजता दुकानात माणूस हजर. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मामांनी फळीवरून एक धुळीनं माखलेला बोर्ड काढून पुढ्यात ठेवला.

"हे भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलंय. कम्प्युटर हाय म्हनं. तुझ्याच कामाचं हाय बघ."

८०८५ चं किट होतं. तसंच हिरवं, तसेच सहा तांबडे आकडे दाखवणारा डिस्प्ले.

"मामा, हे फार जुनं आहे. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले."

"मग? सॉफ्टवेअर काय हवेत चालतंय का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीचे पुढचे चार दिवस त्या बोर्डात गेले. त्या चार दिवसांत आणि नंतर पुण्यात येऊन जे वाचलं त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे कम्प्युटरचा इतिहास 'पहिला कोणी बनवला' या प्रश्नानं सुरू होतो. १९९१ चा परम ८००० आणि विजय भटकर स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात सापडतात. पण यंत्र बनल्यावर दुसऱ्या दिवसापासून ते बंद पडायला लागतं. ते चालू कोणी ठेवलं, हा इतिहास कुणी विचारत नाही. खरं तर आपल्या देशात मोठं काम तिथंच झालंय.

बोर्डावरच्या तारखा

मामांनी सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी ब्रश घेतला. धूळ गेल्यावर चिप्सवरचे आकडे दिसू लागले. बहुतेक चिप्सवर दोन आकडे छापलेले असतात. एक म्हणजे तिचं नाव, जसं ७४एलएस३७३. दुसरा बहुधा चार अंकी. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे साल, नंतरचे दोन म्हणजे त्या सालातला आठवडा. ९११४ म्हणजे १९९१ चा चौदावा आठवडा.

या बोर्डावर जवळपास सगळ्या चिप्स ९० आणि ९१ सालच्या होत्या. फक्त एक छोटी चिप ९८ ची होती, आणि तिच्या पायांचं सोल्डर बाकीच्यांपेक्षा वेगळं, जरा जाड.

मामा म्हणाले, "हितं आपल्या आधी कुनीतरी येऊन गेलंय."

म्हणजे १९९८ मध्ये किंवा त्यानंतर कुठल्या तरी लॅबमध्ये कुणीतरी हीच माथापच्ची केली होती, बिघडलेली चिप शोधली होती, बदलली होती. त्या माणसाचं नाव कुठंही नाही, राहिलाय तो एवढा चार अंकी आकडा.

चिपच्या आधीचे दिवस

लॉजिक चिप म्हणजे काय, हे एका ओळीत सांगता येतं. तिच्या काही पायांवर ० किंवा १ द्यायचे, ती ठरलेल्या नियमानं दुसऱ्या पायांवर ० किंवा १ देते. शून्य म्हणजे जवळपास शून्य व्होल्ट, एक म्हणजे साधारण साडेतीन व्होल्ट. तुम्ही कोडमध्ये लिहिता तो प्रत्येक 'इफ' शेवटी अशाच फाटकांच्या रांगेतून जातो.

ही फाटकं कायम चिपमध्येच होती असं नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या पाठिंब्यानं आर. नरसिंहन यांच्या गटानं १९५० च्या दशकाच्या मध्यावर कम्प्युटर बांधायला घेतला. १९५६ मध्ये छोटं चाचणी-यंत्र चाललं. मोठं यंत्र १९६० मध्ये कामाला लागलं आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव 'टिफ्रॅक' ठेवलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. फाटकं होती ती या काचेच्या नळ्यांची आणि डायोडांची.

नळी म्हणजे जुना बल्बच. आत तार तापते, आणि जे तापतं ते कधीतरी जातं. आता सोपा हिशोब करा. समजा एक नळी सरासरी दहा हजार तास टिकते, म्हणजे वर्षाहून जास्त. ऐकायला बरं वाटतं. पण २,७०० नळ्या एकत्र असतील तर साधारण दर चार तासांनी एक जाणार. हे टिफ्रॅकचे प्रत्यक्ष आकडे नव्हेत, माझा कागदावरचा हिशोब आहे. पण नळ्यांच्या कुठल्याही यंत्राजवळ दुरुस्ती करणारा माणूस कायम का उभा लागायचा, ते यातून कळतं.

टिफ्रॅक बांधणाऱ्यांनी हे आधीच धरलं होतं. मुख्य यंत्र १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा लोखंडी सांगाड्यात होतं, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दारं होती. का, तर आतल्या सर्किटपर्यंत हात पोचावा. यंत्र बनवतानाच 'हे बिघडणार आहे' असं गृहीत धरून त्याला दारं ठेवणं, हे मला फार आवडलं. आम्ही कोडमध्ये लॉग लिहितो ते याच कारणासाठी. ते नेहमी शेवटच्या दिवशी लिहितो, ही गोष्ट वेगळी.

चार फाटकं, चौदा पाय

नळीनंतर ट्रान्झिस्टर आला. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीनं एकाच तुकड्यावर पूर्ण सर्किट करून दाखवलं. त्याच कंपनीनं १९६४ मध्ये ५४०० ही लष्करी कामाची मालिका काढली आणि १९६६ मध्ये प्लास्टिकच्या वेष्टनातली स्वस्त ७४०० मालिका.

७४०० म्हणजे चौदा पायांची काळी चिप. आत चार नँड फाटकं. सातव्या पायाला ग्राउंड, चौदाव्याला ५ व्होल्ट. जगभर इतकी चालली की दुसऱ्या कंपन्यांनीही त्याच नंबरानं, त्याच पायांची चिप बनवली. दुरुस्ती करणाऱ्यासाठी ही क्रांती होती. कुठल्याही कंपनीची ७४०० गेली तर कुठल्याही कंपनीची ७४०० तिथं बसते. मामा नव्वदच्या दशकात मुदखेडहून रेल्वेनं हैदराबादला जायचे, कोटीतल्या गुजराती गल्लीत. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जायचे, ज्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. काउंटरवर फक्त नंबर सांगायचा. त्यासाठी इंग्रजी यावं लागत नव्हतं आणि डिग्रीही लागत नव्हती. मामा बारावी नापास आहेत आणि त्यांना ७४ मालिकेतले निदान चाळीस नंबर पायांसकट पाठ आहेत.

ज्या कंपनीच्या नावातच दुरुस्ती होती

पण मोठ्या कम्प्युटरचं तसं नव्हतं. १९६० च्या दशकात आपल्याकडे आयबीएमचा जोर होता, आणि तिचं १४०१ हे यंत्र सगळ्यात ओळखीचं. ते १९५९ मध्ये जाहीर झालं. त्यात तळहाताएवढी कार्डं असायची, प्रत्येक कार्डावर थोडे ट्रान्झिस्टर. बिघाड झाला की कार्ड शोधायचं, उपटायचं, नवं खुपसायचं. ही यंत्रं विकली जात नव्हती, भाड्यानं मिळायची. इतर देशांत वापरून जुनी झालेली यंत्रं भारतात आणून, नीट करून पुन्हा भाड्यानं दिली जातात, अशी टीका तेव्हा खूप झाली. यंत्र आयबीएमचं, त्यामुळे ते उघडायचा हक्कही आयबीएमचाच. ऑफिस तुमचं, वीज तुमची, पण दार उघडणारा माणूस त्यांचा.

१९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला. परदेशी कंपन्यांनी भारतातल्या आपल्या कंपनीतला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा असा आग्रह सुरू झाला. आयबीएमला ते मान्य नव्हतं. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना गोष्ट तुटली आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. कोकाकोलाही त्याच सुमारास गेली. कोकाकोलाचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, कारण थम्सअप सगळ्यांनी प्यायलंय. पण कोका गेला तर तहान भागवायला दुसरं काहीतरी मिळतं. कम्प्युटरवाला गेला आणि कम्प्युटर इथंच राहिले, तर दुसऱ्या दिवशी जळालेलं कार्ड कोण बदलणार?

याचं उत्तर सरकारनं आधीच तयार करायला घेतलं होतं. डिसेंबर १९७५ मध्ये एक सरकारी कंपनी नोंदवली गेली. तिचं नाव होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. कम्प्युटर बनवणारी किंवा विकणारी नव्हे, कम्प्युटर दुरुस्त करणारी कंपनी. आयबीएम गेल्यावर देशभरात ८०० हून जास्त ठिकाणच्या यंत्रांची देखभाल तिच्याकडे आली. आयबीएमची काही माणसंही तिकडे गेली, काहींनी आयडीएम नावाची आपली कंपनी काढली.

आता पुढचा भाग बघा. हीच कंपनी, जिला आपण सीएमसी म्हणून ओळखतो, नुसती कार्डं बदलत बसली नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं उघडत, आतली नस ओळखत ती मोठ्या यंत्रणा उभारायला शिकली. १९८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचं कम्प्युटरवरचं आरक्षण सुरू झालं, ते सीएमसीनं बनवलं होतं. त्याआधी आरक्षण म्हणजे जाडजूड रजिस्टर, आणि एका गाडीचं रजिस्टर एकाच खिडकीवर. मी मुदखेडहून देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट फोनवर दहा सेकंदांत काढतो, तेव्हा त्या साखळीची एक कडी दुरुस्तीच्या कंपनीत बनलेली असते. २०१५ मध्ये सीएमसी टीसीएसमध्ये विलीन झाली. आमच्या बॅचमधले कितीतरी जण टीसीएसमध्ये आहेत, त्यांतल्या एकालाही हे नाव ऐकून माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आधी पोटाला मिळालंय का बघ

आता पुन्हा दुकानात.

माझं पहिलं वाक्य होतं, "प्रोसेसर गेला असेल." मामा म्हणाले, "आधी पोटाला मिळालंय का बघ, मग दुखनं विचार." म्हणजे आधी वीज. तीसुद्धा सप्लायवर मोजायची नाही, चिपच्या स्वतःच्या पायांवर मोजायची, कारण मधली वाट तुटलेली असू शकते. मल्टिमीटरवर ४.९८ आलं. मग बोट. प्रत्येक चिपवर दोन सेकंद. एखादी चटका देत असेल तर ती आतून शॉर्ट झालेली असते. एकही तापली नव्हती.

मग मामांनी एक जुनं पेन काढलं. पुढे सुई, मागे दोन वायरी, अंगावर लाल आणि हिरवा दिवा. लाल म्हणजे १, हिरवा म्हणजे ०, दोन्ही लुकलुकले तर सिग्नल धावतोय, दोन्ही विझलेले असतील तर त्या तारेला कुणीच वाली नाही. घरी बनवलेला लॉजिक प्रोब. हे साधन १९६८ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या गॅरी गॉर्डननं शोधलं. मल्टिमीटरचं आडाखं सरासरीवर चालतं. सेकंदाला लाखो वेळा ०-१ होणाऱ्या तारेवर तो मधलाच कुठला तरी आकडा दाखवतो आणि आपण फसतो. प्रोब खरं काय ते सांगतो.

क्लॉक लुकलुकत होतं. प्रोसेसर जिवंत होता, म्हणजे माझा पहिला अंदाज चुकला. डेटाच्या आठही तारा लुकलुकत होत्या. मग आम्ही ७४एलएस३७३ वर आलो.

ही चिप का लागते ते सांगतो, कारण पुढची सगळी गंमत तिच्यात आहे. ८०८५ ला चाळीसच पाय. तेवढ्यात सगळं बसत नाही, म्हणून आठ तारा दोन कामं करतात. आधी त्यांच्यावरून पत्ता जातो, मग त्याच तारांवरून डेटा. पत्ता येऊन गेला की तो कुणीतरी धरून ठेवायला हवा. ते काम ३७३ करते. आठ बिट आत, आठ बिट बाहेर, आणि 'आता धर' असं सांगणारा एक पाय.

मामा एकेका पायावर सुई टेकवत गेले. दुसरा लुकलुकतोय. पाचवा लुकलुकतोय. सहावा लुकलुकतोय. नववा लाल. फक्त लाल.

त्याच्या शेजारचा आठवा पाय, म्हणजे त्याच बिटाची आत येणारी बाजू, व्यवस्थित लुकलुकत होती. म्हणजे आत ० आणि १ दोन्ही जात होते, बाहेर कायम १. बाकीचे सात बिट नीट होते, म्हणजे 'आता धर' म्हणणारा पायही नीट होता.

तो बिट पत्त्यातला चौथा, किंमत ८. तो कायम १ राहिला तर काय होईल? बटण दाबल्यावर ८०८५ नेहमी शून्य नंबरच्या घरातून पहिली आज्ञा आणायला जातो. पण पत्त्यात ८ आपोआप मिळवला जातोय. तो शून्याला गेला की पोचतो आठव्या घरात, एकला गेला की नवव्यात. पोस्टमन प्रामाणिक आहे, पत्रही बरोबर आहे, पण गल्लीची पाटी कुणीतरी बदललीय. प्रोसेसर बिचारा मिळेल त्या आज्ञा पाळत कुठंतरी भरकटत होता, आणि आम्हाला बाहेरून फक्त काळा डिस्प्ले दिसत होता. कॉलेजात हेच बघून मी 'किट डेड' म्हणालो होतो.

गुन्हा कुठं, गुन्हेगार कोण

मी म्हणालो, "मामा, सापडली. ३७३ बदलू."

"थांब की. काय करलालास? तार अडकलेली हाय येवढंच कळलंय. कुनी अडकवली ते कुठं कळलंय?"

हे मला आजपर्यंत कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. नवव्या पायापासून निघालेली तांब्याची वाट ईप्रॉमला जाते, रॅमला जाते, अजून दोन ठिकाणी जाते. त्यातल्या कुठल्याही चिपचा पाय आतून ५ व्होल्टला चिकटला असेल, किंवा कुठं सोल्डरचा थेंब दोन वाटांवर पडला असेल, तरी नववा पाय लालच दिसणार. ३७३ निर्दोष असून फाशी जाईल, आणि नवी चिप टाकल्यावरही लाल दिवा तसाच राहील.

मामांनी फक्त तो एक पाय सोल्डरमधून सोडवला आणि सुईनं हळूच वर उचलला. आता पाय हवेत, वाट बोर्डावर, दोघांचा संबंध नाही. वाटेवर प्रोब ठेवला तर दोन्ही दिवे विझलेले. म्हणजे तिला कुणी वर धरून ठेवलं नव्हतं. हवेतल्या पायावर ठेवला तर लाल. आता शंका उरली नाही. दोष चिपच्या पोटात होता.

मी ऑफिसात महिन्यातून दोनदा तरी सर्व्हिस रीस्टार्ट करून 'फिक्स्ड' असं लिहितो. लॉगमध्ये ज्या मॉड्यूलचं नाव दिसलं त्याच्या टीमला तिकीट पाठवतो. ते मॉड्यूल फक्त शेवटी ओरडलेलं असतं, हे मला आतून माहीत असतं. पाय उचलून बघायला वेळ लागतो, म्हणून आम्ही तो उचलत नाही.

सगळं तपासणं अशक्य का आहे

यावर एक सरळ प्रश्न येतो. इतका संशय घेण्यापेक्षा प्रत्येक चिपला सगळे इनपुट देऊन का बघू नये? छोट्या चिपला जमतं. दोन इनपुटच्या फाटकाला चार प्रकार पुरतात. पण दोन ३२-बिट आकड्यांची बेरीज करणारं सर्किट घ्या. ६४ इनपुट झाले. सेकंदाला एक अब्ज चाचण्या केल्या तरी सगळे प्रकार संपायला ५८० हून जास्त वर्षं लागतील.

म्हणून माणसांनी दुसरी वाट काढली. सगळं तपासायचं नाही, बिघाड कसा होतो ते आधी धरायचं. आर. डी. एल्ड्रेड यांच्या १९५९ च्या लेखापासून एक साधी कल्पना रुजली, की तार बिघडली म्हणजे ती ० वर किंवा १ वर अडकली असं माना, आणि प्रत्येक अडकलेली तार उघडी पाडेल अशी चाचणी शोधा. आमचा नववा पाय याचंच शुद्ध उदाहरण. १९६६ मध्ये आयबीएमच्या पॉल रॉथ यांनी अशी चाचणी शोधून काढायची पद्धतशीर रीत दिली.

पण मग ती रीत मोठ्या सर्किटवर कायम झटपट चालेल का? १९७५ मध्ये ऑस्कर इबारा आणि सर्ताज सहानी यांनी दाखवून दिलं की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे प्रत्येक सर्किटवर झटपट चालणारी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही, आणि सापडेल अशी फारशी आशाही नाही. सहानी हे नाव ओळखीचं वाटतंय? डेटा स्ट्रक्चर्सच्या 'होरोविट्झ-सहानी'तले तेच. त्यांचा जन्म पुण्याचा, १९४९ चा. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांचं पुस्तक चाळलं, त्यांनी मामांच्या रोजच्या अडचणीवर सिद्धता लिहिलीय हे मला माहीत नव्हतं.

व्यवहारात मग युक्त्या आल्या. १९७७ मध्ये ह्युलेट-पॅकार्डनं सिग्नेचर अ‍ॅनालायझर काढला. तारेवरून जाणारी लांबलचक ०-१ ची माळ तो दळून चार अक्षरांची 'सही' दाखवायचा. चांगल्या बोर्डाच्या प्रत्येक जागेची सही नकाशावर छापलेली असायची. जुळली तर पुढे जा, नाही जुळली तर मागे जा. सात रेघांच्या डिस्प्लेवर गोंधळ होऊ नये म्हणून त्यात आकड्यांसोबत फक्त ए, सी, एफ, एच, पी, यू एवढीच अक्षरं होती. आपण डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम जुळवतो, त्यामागचा विचार हाच.

आज चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि कुठलीही सुई आत जात नाही. त्यामुळे तपासणीची सोय आतच बांधावी लागते. टिफ्रॅकची दोन्ही बाजूंची दारं आता चिपच्या पोटात गेली आहेत.

चिप मेलेलीच हाय, बोर्ड जगवायचं

बदलायची रीतही शिकण्यासारखी होती. वीस पाय एकदम तापवून चिप अखंड काढायला गेलं तर तीस वर्षांपूर्वीच्या बोर्डावरची तांब्याची वाट उखडते. मामांनी बारीक कटरनं चिपचे वीसही पाय तिच्या अंगाजवळ कापले. काळं धड बाजूला पडलं. मग एकेक पाय तापवून चिमट्यानं ओढला, पंपानं भोक साफ केलं.

"चिप मेलेलीच हाय. बोर्ड जगवायचं."

तिथं नवी चिप थेट लावली नाही. आधी वीस पायांचं सॉकेट सोल्डर केलं, म्हणजे पुढच्या माणसाला गन लागू नये. चिप्स मी ऑनलाइन मागवल्या होत्या, पाच. मामांनी त्या आधी ब्रेडबोर्डवर तपासल्या. स्विचनं बिट द्यायचा, 'धर' म्हणायचं, स्विच काढायचा, दिवा टिकतो का बघायचं. आठ बिट, प्रत्येकी दोनदा. पाचातली एक धरूनच ठेवत नव्हती. नवी म्हणून आलेली. तीच बोर्डात गेली असती तर आम्ही अजून दोन दिवस दुसरीकडे शोधत बसलो असतो.

भाऊबीजेच्या दुपारी बटण दाबलं आणि तांबडी अक्षरं उमटली. मामांनी चष्मा वर केला आणि काट्याच्या कामाकडे वळले. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक पाय नीट दिसत नाहीत, दुकान अजून एखादं वर्ष चालवीन म्हणतात. त्यांच्यानंतर ते कोण चालवणार, हे घरात कुणी विचारत नाही.

२०२१ मध्ये केंद्रानं चिप उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. साणंदला मायक्रॉनचा कारखाना आला, तो मुख्यतः चिप्स तपासायचा आणि वेष्टनात भरायचाच. बातम्यांखाली लोक लिहितात, 'नुसतं टेस्टिंगच ना?' मीही कदाचित तेच लिहिलं असतं. पण 'नुसतं मेंटेनन्स' करणाऱ्या कंपनीनं या देशाला रेल्वेचं आरक्षण दिलं, हे आता माहीत झालंय.

त्या संध्याकाळी मी किटवर आठ बाइट टाकले. ३ई ०५ सी६ ०३ ३२ ५० २० ७६. पाचात तीन मिळव, उत्तर ठेव, थांब. मग ठेवलेल्या जागी जाऊन बघितलं. ०८.

तिसऱ्या वर्षाच्या फाइलमध्ये मी दुसऱ्याचं उत्तर लिहिलं होतं. हे माझं होतं. बोर्ड डब्यात ठेवण्याआधी मामांनी मागच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवली आणि माझ्याकडे पेन दिलं. मी लिहिलं: ३७३ बदलली, पिन ९ अडकलेली होती, दिवाळी, मुदखेड. त्या ९८ सालच्या माणसानं असं काही लिहून ठेवलं असतं तर आज त्याचंही नाव इथं आलं असतं.